कागद सुटतो तिथे: प्रिंटरच्या आउटपुट ट्रेचं पन्हळी गणित

प्रिंटर खडखड करायला लागला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं, मोटर गेली. कागद अडकायला लागले की दुसरं निदान तयारच, रीम हलकी आहे, जरा चांगला कागद आणा. जून-जुलैमध्ये कोकणातल्या कुठल्याही तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बघा, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रीमी लेयर, सातबारा, ॲडमिशनच्या फॉर्मच्या तीन-तीन कॉप्या, बाहेर मरणाचा पाऊस आणि आत मशीन मधेच थांबून लाल दिवा लावून बसलेलं. कुडाळला एका दुकानदारांनी तर मला अगदी शांतपणे सांगितलं, "ह्यो पावसात असोच करता, तेका काय करतलात?" आणि झाकण उघडून, कागद ओढून काढून, झाकण आपटून पुढच्या कॉपीला लागले.

त्यांचं अर्धं बरोबर आहे. पाऊस कारण आहेच, पण पावसाचा त्रास मशीनला फारसा होत नाही, कागदाला होतो. आणि तो त्रास उघडा पडतो जिथे कोणी बघतच नाही तिथे, म्हणजे छापून झालेला कागद बाहेर येऊन जमा होतो त्या आउटपुट ट्रेपाशी. आवाजाचंही तेच, मोटर आणि गिअर एका सुरात गुणगुणत असतात, त्याची कानाला सवय होते, पण दर पानाला जो फाट् आवाज येतो ना, तो कागदाचा असतो. प्रिंटर घेताना आपण मिनिटाला किती पानं, टोनर केवढ्याला, वायफाय आहे का हे सगळं विचारतो, ट्रेबद्दल मी तरी कोणाला विचारताना ऐकलेलं नाही. मला मात्र प्रिंटरमधला सगळ्यात हुशार भाग तोच वाटतो, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नसतंच.

आधी थोडं मशीनच्या आतलं, पटकन. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स मशीनमध्ये काळी टोनर पावडर स्थिर विजेने ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्याला चिकटते, तिथून कागदावर येते आणि मग फ्यूजर नावाच्या गरम रोलरमधून जाताना वितळून कागदात बसते. हे तंत्र चेस्टर कार्लसनचं, त्याने पहिली कॉपी २२ ऑक्टोबर १९३८ला न्यूयॉर्कच्या अस्टोरियामध्ये काढली. पुढे १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे ऑफिसात ठेवायचं मशीन आलं, ते इतकं तापायचं की अडकलेला कागद पेट घ्यायचा, म्हणून कंपनी सोबत छोटं अग्निशामक द्यायची आणि त्याला गोंडस नाव होतं 'स्कॉर्च एलिमिनेटर'. आजचे फ्यूजर पुष्कळ शहाणे आहेत पण तापमान तरीही १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतंच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुद्दा. मशीनच्या आत कागद कधीच मोकळा नसतो. रोलरच्या जोड्या एकमेकींपासून इतक्या अंतरावर बसवलेल्या असतात की एका जोडीतून शेपूट सुटायच्या आधी पुढच्या जोडीने तोंड पकडलेलं असतं, म्हणजे प्रत्येक क्षणी कागद कोणाच्या तरी चिमटीत. फक्त शेवटच्या जोडीनंतर पुढे कोणी नाही. तिथे कागद सुटतो, आणि तिथून पुढे त्याने कुठे पडावं, कसं पडावं, आधीच्या पानाला धक्का न देता पडावं, हे सगळं कोणी न धरता व्हायला लागतं. डिझायनरच्या हातात एवढंच असतं की सुटायच्या आधी कागदाला काय आकार द्यायचा आणि खाली उतार कसा ठेवायचा.

कागद म्हणजे नक्की काय चीज आहे ते बघू. ए-झीरो आकाराचा कागद बरोबर एक चौरस मीटर असतो आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. रीमवर ८० जीएसएम लिहिलेलं असतं म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम, म्हणजे एक पान ५ ग्रॅमचं. जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. लांबी २९७, रुंदी २१०. एक पान घ्या, आखूड कड टेबलावर दाबून धरा आणि बाकीचं पान टेबलाच्या बाहेर हवेत ढकला. पहिले काही सेंटिमीटर ते सरळ राहील, दहाच्या पुढे गेलं की मान टाकायला लागेल आणि मग पडदा लोंबतो तसं लोंबेल. आता विचार करा, प्रिंटरच्या तोंडातून पान असंच बाहेर आलं तर काय होईल? तोंड लगेच खाली जाईल, ट्रेमधल्या आधीच्या पानावर टेकेल, मागून रोलर ढकलतच आहे, म्हणजे एकतर ते आधीच्या पानाला ट्रेबाहेर ढकलणार किंवा स्वतः दुमडून रोलरच्या तोंडाशी गोळा होणार. चौथ्या-पाचव्या पानाला जॅम.

आता टॉर्च घ्या आणि तुमच्या प्रिंटरच्या कागद बाहेर यायच्या फटीत बघा. एका दांड्यावर काळे रबरी रोलर दिसतील, समोरून छोटी पांढरी किंवा राखाडी प्लॅस्टिकची चाकं त्यांना टेकलेली दिसतील. पण नीट बघा, काही चाकं रोलरला टेकलेली नसतात, दोन रोलरच्या मधल्या रिकाम्या जागेत ती थोडी आत घुसलेली असतात, किंवा तिथे प्लॅस्टिकची एक बारीक बरगडी असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बसवताना चूक झाली. चूक नाही, मुद्दाम केलेलं आहे. कागद त्यातून जाताना रुंदीमध्ये वरखाली वरखाली होतो, म्हणजे बाहेर येणारं पान सपाट नसतं, त्याला लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पन्हळी पडलेल्या असतात, अगदी आपल्या पडवीवरच्या पत्र्यासारख्या. आणि कारणही तेच आहे जे पत्र्याचं आहे. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरने १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं, सपाट पातळ पत्रा दोन आधारांमध्ये झोल खातो, तोच पत्रा पन्हळी करून टाकला तर खाली कमी वासे चालतात आणि वर माणूस चढून कौलं-बिलं बघू शकतो.

हे का होतं याचं उत्तर मात्र पामरच्याही दोन वर्षं आधी, १८२७ मध्ये, एका जर्मन गणितज्ञाने देऊन ठेवलं होतं आणि त्याच्या डोक्यात पत्रा नव्हता की प्रिंटर नव्हता. कार्ल फ्रिडरिश गाउस. त्याचं म्हणणं असं, कुठल्याही पृष्ठभागावरचा एक बिंदू घ्या, तिथे सगळ्यात जास्त वाक कुठल्या दिशेला आहे आणि सगळ्यात कमी कुठल्या दिशेला आहे ते मोजा (या दोन दिशा एकमेकींना काटकोनात असतात), आणि दोन्हींचा गुणाकार करा. वर वाकलं तर अधिक, खाली वाकलं तर उणे. हा जो गुणाकार येतो तो तुम्ही पृष्ठभाग कितीही वाकवा, गुंडाळा, बदलत नाही, बदलायचाच असेल तर पृष्ठभाग ताणावा तरी लागतो किंवा फाडावा तरी लागतो. गाउसला स्वतःलाच हे इतकं भारी वाटलं की त्याने नावच ठेवलं थिओरेमा एग्रेजियम, असामान्य प्रमेय.

आता कागदावर या. सपाट कागदाचा वाक दोन्ही दिशांना शून्य, गुणाकार शून्य. कागद सहज ताणला जात नाही, रबर नाही तो. म्हणजे त्याला काहीही करा, गुणाकार शून्यच राहणार, म्हणजेच दोनपैकी एक वाक कायम शून्य असायलाच पाहिजे. तुम्ही त्याला रुंदीत वाकवलंत, पन्हळ पाडलीत, तर लांबीत वाकायची त्याची परवानगीच संपली! लांबीत त्याला वाकायचंच असेल तर आधी पन्हळ मोडावी लागेल किंवा कागद ताणावा लागेल, आणि पाच ग्रॅम वजनात तेवढा जोर नाही. म्हणून पान सरळ, ताठ, ट्रेच्या वरून पुढे जातं, लोंबत नाही. नोटा मोजून देताना बँकेतला माणूस नोट किंचित दुमडून पुढे करतो, तोही नकळत गाउसच वापरत असतो.

आकड्यात किती फरक पडतो ते काढता येतं, ज्यांना गणिताची चीड आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पट्टीचा वाकायला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो, कारण मधल्या रेषेपासून जो भाग जितका लांब तितका तो जास्त ताणला किंवा दाबला जातो आणि त्याचा विरोध मधल्या रेषेपासूनच्या अंतराच्या वर्गात वाढत जातो. सपाट कागदात मधल्या रेषेपासून सगळ्यात लांबचा भाग म्हणजे जाडीचा अर्धा, ०.०५ मिलिमीटर, काहीच नाही. पन्हळ पाडली की कागदाचा काही भाग मधल्या रेषेच्या १ मिलिमीटर वर जातो, काही १ मिलिमीटर खाली. सायन वेव्हसारखी पन्हळ धरली तर ताठपणाचं गुणोत्तर येतं ६ गुणिले पन्हळीच्या उंचीचा वर्ग भागिले जाडीचा वर्ग. उंची १, जाडी ०.१, म्हणजे ६ गुणिले १००, म्हणजे ६०० पट. उंची दुप्पट केली, २ मिलिमीटर, तर २४०० पट. एक पैशाचं जादा मटेरियल नाही, फक्त चाक काही मिलिमीटर आत. प्रत्यक्षात एवढे पट मिळत नाहीत कारण कागदाचं पुढचं टोक मोकळं असतं, रोलरपासून लांब जाताना पन्हळ विरत जाते आणि टोक हळूहळू सपाट होतं, पण तेच तर हवं असतं, शेवटी पान खाली बसायला सपाटच पाहिजे.

मग प्रश्न येतो की एवढं सोपं आहे तर चाक चार मिलिमीटर आत घाला की, जॅमचं नावच नको. इथेच आवाज येतो. पन्हळ पाडणं म्हणजे कागद स्प्रिंगसारखा वाकवून त्यात थोडी ऊर्जा साठवणं. शेपूट रोलरच्या चिमटीतून सुटतं त्या क्षणी ती सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते, पान फटकन सपाट होतं आणि ए-फोरचा सव्वासहाशे चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग हवेला ढकलतो. हा आवाज बारीक आणि तीक्ष्ण असतो, आणि माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असल्यामुळे तो खुपतो. त्यात भर म्हणजे बहुतेक छोट्या प्रिंटरमध्ये आउटपुट ट्रे म्हणजे वेगळा भाग नसतोच, मशीनचं वरचं पातळ प्लॅस्टिकचं झाकणच खोलगट केलेलं असतं आणि त्याच्याखाली पोकळी, म्हणजे जे काही आपटेल ते घुमणार. पन्हळ जास्त झाली की कागदावर रोलरचे वळही उठतात, पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. पन्हळ कमी केली तर आवाज कमी पण पान मान टाकतं. म्हणजे शांत ट्रे आणि भरवशाचा ट्रे ही मागणी एकाच चाकाला दोन बाजूंनी ओढते.

यातून वाट काढायच्या दोन-तीन युक्त्या आहेत. एक म्हणजे शेपटीचा वेग. साध्या मशीनमध्ये एकच मोटर सगळे रोलर फिरवते, म्हणून शेपूट ज्या वेगाने येतं त्याच वेगाने फेकलं जातं. शेवटच्या जोडीला वेगळी स्टेपर मोटर दिली की पान निम्म्याहून जास्त बाहेर येईपर्यंत जोरात आणि शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर हळू, असं करता येतं. वेग निम्मा केला की गतीची ऊर्जा पावपट होते, हे शाळेतलंच सूत्र. दुसरं म्हणजे पन्हळ एकदम न सोडता हळूहळू सोडायची, चिमटीच्या लगेच पुढे उतरत्या बरगड्या द्यायच्या म्हणजे शेपूट त्यावरून घसरत खाली येतं. तिसरं, झाकणाच्या खालच्या बाजूला आडव्याउभ्या बरगड्या आणि रबरी पट्टी, म्हणजे ते घुमत नाही. सेन्सरचे दांडे आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारे चुंबकी खटके) खट् खट् करतात तिथे इवलासा फोमचा तुकडा लावतात, दिसायला फालतू पण फरक पडतो.

आवाज कमी करायच्या कामात एक गंमत आहे जी लोकांना पटत नाही. दोन सारखे आवाज एकत्र आले की डेसिबल दुप्पट होत नाहीत, फक्त ३ ने वाढतात. म्हणजे समजा पंखा-मोटरचा आवाज ५० आणि कागदाचाही ५०, तर एकूण ५३. तुम्ही महिनाभर खपून मोटर पूर्ण गप्प केलीत तरी हातात ५०च राहणार, साहेब म्हणणार काहीच फरक नाही पडला. आवाज दुप्पट-निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून एकाच गोष्टीच्या मागे लागून उपयोग नसतो, सगळ्यात मोठा आवाज आधी मारायचा, मग त्याच्या खालचा. आणि ऑफिस मशीनचा आवाज मोजायचं आयएसओ ७७७९ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण जाहिरातीत जो सरासरी आकडा येतो त्यात फाट् फाट् बुडून जातं, ते माणसाच्या कानालाच कळतं. 'सायलेंट टेक्नॉलॉजी' असा स्टिकर बघून हुरळू नका, बऱ्याच प्रिंटरमधला क्वाएट मोड म्हणजे सगळं मशीन हळू चालवणं एवढंच असतं. काम होतं, पण ती टेक्नॉलॉजी वगैरे नाही.

आता कोकणात या. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत, हवेतली आर्द्रता जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली येत नाही. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, आणि सेल्युलोजला पाण्याची भयंकर ओढ. कारखान्यातून निघताना कागदात ४ ते ६ टक्के पाणी असतं. रीम फोडून मालवणात किंवा गुहागरात खिडकीशेजारी दोन दिवस ठेवा, हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर जातं, पान सादळतं, हातात मऊ लागतं, फडफड आवाजच करत नाही. तंतू पाणी प्यायला की जाडीला भरपूर फुगतो, लांबीला जवळजवळ नाही. कागद बनवताना बहुतेक तंतू मशीन चालते त्या दिशेला झोपलेले असतात, प्रिंटरच्या ए-फोरमध्ये ती दिशा सहसा पानाच्या लांबीची असते, म्हणून पान ओलं-कोरडं होताना रुंदीत जास्त हलतं.

असं सादळलेलं पान २०० अंशाच्या फ्यूजरमध्ये गेलं की काय होतं? पाच ग्रॅमचं पान, त्यात अर्धा ग्रॅम पाणी, त्यातलं बरंचसं सेकंदाच्या अंशात वाफ होऊन उडतं. पानामागे ०.२ ग्रॅम धरलं तरी शंभर पानांमागे २० ग्रॅम पाणी, म्हणजे चार चमचे, प्रिंटरच्या तोंडातून बाहेर! पावसाळ्यात 'मशीनमधून धूर येतोय' म्हणून घाबरून प्लग काढणारे लोक मी बघितलेत, जळका वास नसेल आणि तो पांढरा धूर लगेच विरत असेल तर ती वाफच असते. तीच वाफ थंड रोलरवर आणि ट्रेवर दव होऊन बसते आणि पानं एकमेकांना चिकटतात.

पण खरा घोळ वळण्याचा. फ्यूजरच्या दोन बाजू सारख्या गरम नसतात, त्यामुळे कागदाची एक बाजू जास्त सुकते, जास्त आकसते आणि पान त्या बाजूला वळतं. किती फरक पुरतो बघा. दोन बाजूंच्या लांबीत हजारात एक एवढाच फरक पडला, ०.१ टक्का, तर वळणाची त्रिज्या येते जाडी भागिले फरक, म्हणजे ०.१ मिलिमीटर भागिले ०.००१, म्हणजे १०० मिलिमीटर. दहा सेंटिमीटर त्रिज्येचं वळण २१० मिलिमीटर रुंदीच्या पानाला आलं तर दोन्ही लांब कडा मधल्या भागापासून पाचेक सेंटिमीटर वर उचलल्या जातात (कागदाचं स्वतःचं वजन सोडून दिलं तर). हजारातल्या एका भागासाठी पाच सेंटिमीटर! सुक्या कागदात काढून टाकायला पाणीच कमी, म्हणून फरक कमी. सादळलेल्यात भरपूर.

वरून आणखी एक. पान वरच्या ट्रेमध्ये उलटं पडावं, म्हणजे पानांचा क्रम बरोबर लागावा, म्हणून फ्यूजरमधून निघालेलं पान मागच्या बाजूने अर्धवर्तुळात वर फिरवलेलं असतं. गरम आणि ओला कागद या फेऱ्यात वाकतो आणि थंड होताना तेच वळण धरून बसतो. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर पान अर्धं-अधिक बाहेर येतं, शेवटचा रोलर उलटा फिरतो आणि पान परत आत ओढतो, म्हणजे फ्यूजरची दुसरी वारी. वळलेलं तोंड दुसऱ्या वेळी बाहेर येताना ट्रेमधल्या पानाखाली शिरतं आणि मग सगळा गठ्ठा पुढे.

या सगळ्याचा सगळ्यात चिडवणारा परिणाम 'आउटपुट ट्रे फुल'. ट्रेच्या वरती, कागद यायच्या फटीलगत, एक बोटभर लांब काळा प्लॅस्टिकचा दांडा लोंबत असतो, सहज हलतो. गठ्ठा वाढत गेला की तो दांडा वर उचलला जातो, आतमध्ये त्याचं दुसरं टोक एका इंग्रजी यू आकाराच्या सेन्सरमध्ये असतं, एका बाजूला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या बाजूला तो बघणारा. टोक सरकलं की मशीनला कळतं ट्रे भरला. प्रत्येक पान जाताना दांड्याला धक्का देतंच, म्हणून मशीन ठराविक वेळ वाट बघतं, तेवढ्यात दांडा खाली आला तर पुढे, नाही आला तर थांब. आता पानाच्या कडा वर वळलेल्या असतील तर पंधरा पानांतच दांडा वर अडकून राहतो, ट्रे रिकामा दिसतोय आणि मशीन म्हणतंय भरला. दुकानदार मग मशीनला शिव्या घालतो. दांडा खोटं बोलत नाहीये, त्याला उंची कळते, पानं कळत नाहीत. माझ्या मते हा दांडा मधोमध असावा की कडेला, हे ठरवणारा माणूस एकदा तरी पावसाळ्यात कोकणात आणून बसवायला हवा.

हेच मशीन मे महिन्यात नागपुरात नेऊन ठेवा, प्रॉब्लेम बरोबर उलटा. तिथे कागद कोरडाठाक, त्यातून वीज वाहत नाही, टोनर ओढायला दिलेला चार्ज पानावर तसाच राहतो आणि पानं एकमेकांना चिकटतात किंवा ट्रेमध्ये तिरकी पडतात. त्यासाठी बाहेर पडायच्या तोंडाशी बारीक वाहक केसांचा एक ब्रश असतो, तो चार्ज उतरवून घेतो. कोकणात पावसाळ्यात कागदातून चार्ज आपणच गळून जातो, ब्रशला काम नाही, पण त्यामुळेच कधीकधी टोनर नीट ओढला जात नाही आणि प्रिंट फिकट येते.

ट्रेच्या उताराबद्दल थोडक्यात. ट्रे रोलरच्या बाजूला खोल आणि पुढे चढता असतो म्हणजे पान पडल्यावर मागे घसरून भिंतीला टेकतं आणि गठ्ठा सरळ लागतो. सुटं पान हवेत जास्तीत जास्त सेकंदाला मीटरभर वेगाने पडतं, हवा त्याहून जास्त पडू देत नाही, आणि शेवटच्या सेंटिमीटरभरात खालची हवा बाजूने निसटेपर्यंत पान त्या हवेवर तरंगत असतं, तेवढ्या वेळात ते घसरतं. एकदा हवा गेली की कागदावर कागद, घर्षण, मग हलत नाही. ट्रेच्या तळाला बरगड्या असतात त्या याचसाठीही, पहिली काही पानं तळाला चिकटू नयेत म्हणून. मोठ्या मशीनमध्ये ट्रेच मोटरने खाली खाली जातो, म्हणजे पहिलं पान आणि पाचशेवं पान सारख्याच उंचीवरून पडतं.

या दिवसांत मशीनवर होणारे उपचार बघून करमणूक होते. ट्रेमध्ये कापूर ठेवणारे आहेत, तो हवेतलं पाणी घेत नाही, त्याचा वास येतो एवढंच. एका ठिकाणी नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची अशी बांधली होती की मिरचीचं टोक बरोबर कागदाच्या वाटेत, दर पान तिला धडकून वाकडं पडत होतं आणि मालकांचं म्हणणं नजर फार जबरी आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा करायला माझी काही ना नाही, ज्याच्यावर पोट आहे त्याला हात जोडायचे, पण हळदकुंकू फटीत टाकू नका, ती पूड त्या यू आकाराच्या सेन्सरमध्ये बसते आणि मग दिवाळीपर्यंत 'जॅम' दाखवत राहतो.

करायचं काय तर साधं आहे. रीमच्या वेष्टणाला आतून ओल अडवणारा थर असतो, ते फाडून फेकू नका, लागतील तेवढीच पानं काढा आणि बाकीची त्याच वेष्टणात गुंडाळून ठेवा. रात्री कागद भरायच्या ट्रेमध्ये कागद सोडू नका. लोखंडी कपाटात एक छोटा दिवा लावून कागद ठेवायची आपल्याकडची जुनी पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे, २७ अंशाला ९० टक्के आर्द्रता असलेली हवा फक्त ५ अंशांनी तापवली, ३२ केली, की तिची सापेक्ष आर्द्रता ६७-६८वर येते, कारण गरम हवेची पाणी धरायची ऐपत वाढते, आत पाणी तेवढंच असलं तरी. (एलईडी नको, तो तापत नाही, साधा पिवळा बल्ब, आणि कागदापासून हातभर लांब.) उन्हात कागद सुकवायला मात्र घालू नका, कडा आधी सुकतात, मधला भाग नंतर, आणि पान कायमचं लाटा लाटांचं होतं.

पानं फारच वळत असतील तर कागद भरायच्या ट्रेमधला कोरा गठ्ठा उलटा करून घाला, आधीचं वळण आणि फ्यूजरचं वळण एकमेकांविरुद्ध जातात. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कर्ल, म्हणजे हे वळणं, कमी करायचा पर्याय असेल तर पावसाळाभर चालू ठेवा, तो बहुधा फ्यूजरचं तापमान उतरवतो, बोट घासून टोनर निघत नाही ना एवढं बघा. मशीनला मागून झाकण असेल तर ते उघडा, पान सरळ मागे निघतं, अर्धवर्तुळाचा फेराच वाचतो, क्रम उलटा लागतो तेवढा हाताने लावा.

आणि नवीन प्रिंटर घ्यायला जाताना घरून दहा-पंधरा सादळलेली पानं घेऊन जा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे, दुकानातल्या एसीतल्या कडक कागदावर कुठलंही मशीन छान चालतं. तुमच्या कागदावर दोन्ही बाजूंनी प्रिंट मारायला लावा आणि स्क्रीनकडे नाही, ट्रेकडे बघत राहा, शेपूट सुटताना पान फेकलं जातंय की उतरतंय, आणि शेवटच्या पानानंतर तो काळा दांडा परत खाली येतोय का.